खात्यातला पैसा आणि हातातला पैसा



या पानावर एरवी मी आपल्याशी बेणेप्रक्रिया, खोडवा, पाचट, हुमणी अशा विषयांवर बोलत असतो. या खेपेस विषय वेगळा आहे. मी काही बँकेचा माणूस नव्हे. कृषी पदविका घेतली आणि तेव्हापासून उसाच्या सरीतच फिरतो आहे. तरीही बँकेवर लिहायला बसलो, त्याला कारण आहे.

हंगामात पंधरवड्याचे बिल निघाले की गट ऑफिसात गर्दी होते. त्यात उसाबद्दल विचारणारे दोन-तीनच असतात. बाकीच्यांचे प्रश्न असे :

“साहेब, यादीत माझं नाव हाय, पण खात्यावर पैसे दिसंनात.”

“पैसे आलेत म्हणतेत, पण अंगठाच घेईना ते मशीन.”

“बँकेत गेलो तर म्हणे केवायसी संपली. आता ही केवायसी कुठं मिळती?”

यावर आपण हसतो, पण विचारणाऱ्याच्या घरी मजूर दारात बसलेले असतात. आपल्या भागात जायकवाडीचा डावा कालवा आहे. धरण भरलेले, कालवा वाहता, पण चारी फुटलेली असली की टेलच्या वावराला थेंब मिळत नाही, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. बँकेचेही तसेच आहे. पैसा कारखान्यातून निघाला, बँकेत पोचला, तरी सभासदाच्या हातात पडेपर्यंत मधली चारी नीट असावी लागते. ती कुठे कुठे फुटते आणि आपल्या हाताने कशी बांधता येते, एवढेच आज सांगायचे आहे.

बँक गावाजवळ कशी आली

थोडे मागे जाऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख हैदराबाद संस्थानात होता. घरातल्या जुन्या माणसांकडून ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे शब्द तुम्ही ऐकले असतील. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजी अमलातला. जालन्याची बाजारपेठ मोठी. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण उगीच पडली नाही. पण तो पाळणा हलायचा पेठेत. खेड्यातल्या माणसाला पेरणीला पैसा लागला की सावकाराची ओसरी हीच त्याची बँक.

स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. गोरवाला समितीचा अहवाल १९५४ साली आला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आणि व्यापारी बँकांचा १ टक्क्याहूनही कमी निघाला. सावकारांचा वाटा मात्र ७० टक्क्यांच्या घरात होता. त्याच सुमारास, १९५० साली, पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा केला. शेतकऱ्याच्या मालाचा पैसा शेतकऱ्याच्याच हातात राहावा, हा त्यामागचा विचार. आपण सगळे त्याच वाटेने आलो आहोत.

मग बँका हळूहळू गावाकडे सरकल्या. संस्थानच्या काळात, १९४१ च्या कायद्याने स्थापन झालेली ‘हैदराबाद बँक’ मराठवाड्यात सर्वांच्या ओळखीची होती. पुढे तिचे नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाले. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ग्रामीण शाखा वाढल्या. १९७५ साली ग्रामीण बँकांचा वटहुकूम निघाला. आपल्याकडे औरंगाबाद-जालना ग्रामीण बँक होती. २००८ व २००९ च्या विलीनीकरणातून ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली आणि १ मे २०२५ पासून सबंध राज्याची एकच ग्रामीण बँक झाली. जोडीला जिल्हा मध्यवर्ती बँक आणि गावची विकास सोसायटी होतीच.

२००६ साली रिझर्व्ह बँकेने आणखी एक पाऊल टाकले. शाखा नसलेल्या गावात बँकेने आपला प्रतिनिधी नेमावा, अशी मुभा दिली. त्यालाच आपण आज ‘बँक मित्र’ म्हणतो. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना आली आणि शून्य शिलकीची खाती घरोघर झाली. आज खाते नाही असे घर शोधावे लागेल.

म्हणजे ओसरीपासून घरच्या उंबऱ्यापर्यंत बँक आली. पण उंबऱ्यावरून घरात येणारे शेवटचे पाऊल अजून पुष्कळ घरांत पडलेले नाही. ते कसे, हे एका घरच्या हकिगतीवरून सांगतो.

एका घरची हकिगत

नावगाव सांगत नाही, कारण ते घर तुमच्यातलेच आहे. आमच्या एका गटातले सभासद, वय पन्नाशीच्या आसपास, पौष महिन्यात अचानक वारले. ऊस उभा होता. नोंद त्यांच्या नावे, शेअर त्यांच्या नावे, बँकेचे खातेही एकट्याच्या नावे. दिवस झाल्यावर तोडणीची पाळी आली. टोळी आली, ऊस गेला, वजन झाले. बिल निघाले आणि ठरल्याप्रमाणे त्यांच्या खात्यात जमा झाले.

त्यांची पत्नी पासबुक घेऊन बँकेत गेली. तिथे सांगण्यात आले, “खातेदार हयात नाहीत. खात्याला वारस लावलेला नाही. कागद आणा.” बँकेचे काही चुकले नाही. नियम तसाच आहे. मग मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रे, सगळ्या वारसांच्या सह्या. थोरली लेक परजिल्ह्यात दिलेली, तिला सहीसाठी दोनदा बोलवावे लागले. या खटपटीत चार महिने गेले.

त्या चार महिन्यांत घर चालवायचे होते. मावशींनी बाहेरून शेकडा ३ रुपये दराने २०,००० रुपये घेतले. दोन महिन्यांचे व्याजच १,२०० रुपये झाले. खोडव्याला खताचा पहिला हप्ता तोडणीनंतर १५ दिवसांत पहारीने द्यायचा, हे मी गावोगाव सांगत फिरतो. मावशींचा तो हप्ता दीड महिना लांबला. मी शेतावर गेलो तेव्हा खोडवा पिवळा पडलेला.

“माय, खत का नाही टाकलं?” मी विचारले.

“साहेब, पैसे बँकेत हायेत, पण माझे नाहीत म्हणतेत,” त्या म्हणाल्या.

मला काही बोलता आले नाही. त्यांच्या मालकांची ऊस नोंद मी स्वतः कितीदा तरी घेतली होती. जात विचारली, लागणीची तारीख विचारली, क्षेत्र विचारले. खात्याला वारस लावला आहे का, हे एकदाही विचारले नव्हते. मृत्यूनंतर ऊस नोंद वारसाच्या नावे करून घेण्याचा अर्ज तोडणीआधी द्यायला हवा होता, तोही आम्ही सुचवला नाही. त्या दिवसापासून बँक हा माझाही विषय झाला.

या हकिगतीत एक चांगली गोष्टही आहे, ती पुढे सांगतो. आधी चारी कुठे फुटते ते पाहू.

पहिली फूट : खात्याचा नंबर आणि बँकेचा कोड

कारखाना बिल पाठवतो ते खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड यांच्या आधाराने. पैसे बँकेत जमा होतात ते खाते क्रमांक पाहून. नाव बरोबर पण क्रमांकातला एक आकडा चुकला, तर पैसे परत येतील किंवा दुसऱ्याच माणसाच्या खात्यात जातील. परत मिळवणे म्हणजे काट्यावरून गेलेला ऊस परत आणण्यासारखे आहे.

कोड ११ अक्षरांचा असतो आणि त्यातले पाचवे नेहमी शून्य असते. पुष्कळजण तिथे इंग्रजी ‘ओ’ लिहून देतात.

दुसरे म्हणजे बँकांची विलीनीकरणे. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ पासून भारतीय स्टेट बँकेत गेली. देना व विजया या बँका १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० पासून सिंडिकेट बँक कॅनरात, आंध्रा व कॉर्पोरेशन बँका युनियन बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत गेली. कोड बदलले, पण आपल्या कपाटातले पासबुक जुनेच राहिले. तेव्हा शाखेत जाऊन नवे पासबुक छापून घ्या आणि त्याच्या पहिल्या पानाची झेरॉक्स गट ऑफिसात द्या. तोंडी नंबर सांगू नका. चिटबॉयच्या वहीत घाईत लिहिलेला आकडा हा पुरावा नव्हे.

दुसरी फूट : केवायसी आणि झोपलेले खाते

केवायसी म्हणजे बँकेने आपली ओळख व पत्ता ठरावीक काळाने पुन्हा तपासून घेणे. सर्वसाधारण खातेदारासाठी ही मुदत १० वर्षांपर्यंत असते. जनधनच्या पहिल्या वर्षी, म्हणजे २०१४-१५ साली, उघडलेल्या खात्यांची ती मुदत भरलेली आहे. बँकेचा निरोप येतो, पण आपला मोबाईल नंबर बदललेला असतो, मग तो कोणाला कळणार?

पत्त्यात काही बदल नसेल तर ‘काही बदल नाही’ एवढे स्वतः लिहून दिले तरी चालते. जून २०२५ पासून हे काम बँक मित्रामार्फत करण्याचीही मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे. बिल निघायची वाट पाहू नका, आधीच करा.

खात्यात आपण स्वतः दोन वर्षांहून अधिक काळ काही व्यवहार केला नाही, तर बँक ते निष्क्रिय धरते. बँकेने नुसते व्याज जमा केले तर तो आपला व्यवहार होत नाही. निष्क्रिय खाते पुन्हा चालू करण्यासाठी बँकेने शुल्क घ्यायचे नाही. कोणी मागितलेच तर पावती मागा. १० वर्षे खात्याकडे कोणी फिरकले नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. ती बुडत नाही, अर्ज करून परत मिळते, पण तोवर ज्याच्या नावावर आहे तो माणूस राहिलेला नसतो.

यावर साधा उपाय म्हणजे वर्षातून दोनदा तरी शंभर रुपये भरा आणि काढा. विहिरीवरची मोटर हंगाम नसतानाही अधूनमधून फिरवतो, तसेच समजा.

तिसरी फूट : आधार कोणत्या खात्याला जोडले आहे?

२०२४ साली लाडकी बहीण योजनेचे पैसे आले, तेव्हा बँकांसमोर बायकांच्या रांगा लागल्या. कितीतरी जणींनी अर्जात एका बँकेचे खाते लिहिले आणि पैसे जमा झाले दुसऱ्याच बँकेत. यात जादू काही नाही. सरकारी अनुदान आधारमार्फत येते आणि ज्या खात्याला आधार शेवटी जोडले गेले असेल त्यातच पडते. बचत गटासाठी, सिमकार्डासोबत किंवा मेळाव्यात कधीतरी खाते उघडले, अंगठा दिला आणि विसरलो, की पैसा तिकडे. पी. एम. किसानच्या हप्त्यांचेही असेच होते.

तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. उसाचे बिल तुम्ही कारखान्याला दिलेल्या खाते क्रमांकावर येते. अनुदान आधार जोडलेल्या खात्यावर येते. ही दोन्ही खाती एकच असतील तर उत्तम. आधार कुठे जोडले आहे हे शाखेत किंवा बँक मित्राकडे विचारले की कळते. तो आपला हक्क आहे.

चौथी फूट : अंगठा उठत नाही

ऊसतोड, खुरपणी, बांधणी करणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. पाचटाने बोटे कापलेली असतात. मशीन तो अंगठा घेत नाही आणि माणूस ओशाळून परत फिरतो. ओशाळायचे कारण नाही, कष्ट केलेल्या हाताचा तो दाखला आहे. हात धुऊन कोरडे करा, दुसरी बोटे लावून पाहा. पाचट झोंबलेल्या दिवशी जाऊ नका. तरीही नाही झाले, तर आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने नोंदवा. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेने २०२५ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय सुरू केली आहे. ही बँक १ सप्टेंबर २०१८ पासून चालू आहे आणि पोस्टमनमार्फत दारात येऊन पैसे देऊ शकते. म्हाताऱ्या माणसांना तिचा उपयोग होईल.

बँक मित्राकडे व्यवहार करताना चार गोष्टी पाळा :

१. आधारवर एका वेळी १०,००० रुपयांपर्यंतच रक्कम निघते. मोठ्या रकमेसाठी शाखेतच जा.

२. छापील पावती घ्या. ‘कागद संपला’ म्हणाला तर रक्कम, तारीख व शिल्लक लिहून सही घ्या. बँक मित्राला कमिशन बँक देते. त्याने स्वतःच्या खिशासाठी वरचे पैसे मागायचे नाहीत.

३. ‘सर्व्हर डाउन, व्यवहार फेल’ असे सांगून पुन्हा अंगठा मागितला, तर आधी शिल्लक तपासायला लावा. खात्यातून रक्कम वजा झाली पण हातात आली नाही, तर बँकेने ती व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत परत जमा करायची आहे. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. मात्र त्यासाठी पावती किंवा निदान तारीख-वेळ तरी हवी.

४. दुसऱ्याच्या भरवशावर कोऱ्या मशीनवर अंगठा ठेवू नका. पडद्यावर आकडा पाहा, वाचता येत नसेल तर शाळेत जाणारे नातवंड सोबत न्या.

पाचवी फूट : वारस

सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित फूट हीच. खात्याला नॉमिनी, म्हणजे नामनिर्देशित व्यक्ती लावलेली असेल, तर मृत्यूचा दाखला, नॉमिनीचे ओळखपत्र आणि अर्ज एवढ्यावर बँक पैसे देते. चार महिन्यांचे काम काही दिवसांत होते. नॉमिनी लावायला पैसे पडत नाहीत. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावण्याची सोयही झाली आहे.

पुष्कळजण कचरतात. “आताच कशाला? नाव लावलं की पोरं हक्क सांगतील,” असे म्हणतात. तर लक्षात घ्या, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आपल्या हयातीत त्याला एक पैसाही काढता येत नाही. आपल्या मागे पैसे ताब्यात घेऊन खऱ्या वारसांना पोचवणारा तो माणूस. वाटणी वारसा कायद्याप्रमाणेच होते.

एक खूण सांगतो. पासबुकाच्या पहिल्या पानावर नॉमिनी नोंदवल्याचा शेरा असतो. तो नसेल तर शाखेत फॉर्म मागा. शक्य असेल तर पत्नीचे नाव खात्यात जोडीने घाला आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो’ अशी सूचना लिहून द्या.

बँकेचा नॉमिनी कारखान्याला चालत नाही आणि कारखान्याचा बँकेला चालत नाही. आपल्या शेअर्ससाठी कारखान्यात आणि सोसायटीत नामनिर्देशनाचे वेगळे अर्ज भरावे लागतात. तिन्ही ठिकाणी नोंद करा.

आता ती राहिलेली चांगली गोष्ट. मावशींच्या मुलाने बऱ्याच दिवसांनी पासबुक भरून आणले. त्यात दर मे महिन्यात ४३६ रुपये वजा झालेले दिसत होते. हे कशाचे, कोणालाच माहीत नव्हते. ती जीवनज्योती विम्याची वर्गणी होती, २ लाख रुपयांचा विमा! मालकांनी कधी मेळाव्यात सही केली असेल, घरी सांगितले नाही. दावा केला आणि रक्कम मिळाली. पासबुक भरले नसते, तर ती ओळ कोणी वाचलीच नसती. तुमच्या पासबुकात ४३६ किंवा २० रुपयांची वजावट आहे का, पाहा. २० रुपयांचा तो अपघात विमा. त्याचेही २ लाख आहेत.

हेलपाट्याचा हिशेब

‘एक चक्कर मारली तर काय बिघडते?’ असे आपण म्हणतो. हिशेब करू. समजा शाखा १५ किलोमीटरवर आहे. जाण्यायेण्याचे ६० रुपये, चहापाणी २०, बुडालेली मजुरी ४००. एका हेलपाट्याचे ४८० रुपये झाले. ‘कागद अपुरा आहे, उद्या या’ करत तीन हेलपाटे झाले तर १,४४० रुपये. ३० टन ऊस घातलेल्या सभासदाला हे टनामागे ४८ रुपये पडले. टनाला ५० रुपये वाढवून मागताना आपण सभेत आवाज चढवतो, ते योग्यच आहे. पण हे ४८ रुपये कोणाशी भांडून मिळणार? ते आपल्याच कपाटातल्या जुन्या पासबुकात अडकलेले आहेत.

पीक कर्जाचेही पाहा. ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडल्यास केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत मिळून व्याज शून्य टक्के पडते. राज्यात २०२१ पासून ही सोय आहे. सोसायटीची वसुली उसाच्या बिलातून होते. कपात झाली म्हणून निर्धास्त राहू नका. ती आपल्या कर्ज खात्यावर मुदतीच्या आत जमा झाली का, हे गटसचिवाकडे जाऊन पाहा. मुदत टळली तर सवलत जाते.

पैसा कुठे ठेवावा, फोनला काय उत्तर द्यावे

बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली. सहकारी बँकांनाही ते लागू आहे. मात्र पतसंस्था व मल्टिस्टेट सोसायट्या म्हणजे बँका नव्हेत. त्यांच्या ठेवींना हा विमा नाही. एखाद्या ठिकाणी दोन टक्के व्याज जास्त मिळते म्हणून उसाचे सगळे बिल तिथे नेऊन ठेवण्याआधी हा फरक ध्यानात घ्या. मराठवाड्यात अशा ठेवींपायी किती घरे हवालदिल झाली, ते आपण जाणता.

बिल निघाले की फोनही सुरू होतात. “बँकेतून बोलतो, तुमचं कार्ड बंद पडणार, आलेला नंबर सांगा.” बँक असा नंबर कधीही विचारत नाही. फोन ठेवून द्या. फसगत झालीच, तर लाजेपायी घरात बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा आणि बँकेला कळवा. आपली चूक नसता तिऱ्हाइताने पैसे काढले असतील आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान आपल्यावर पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. पण आपणच नंबर सांगितला असेल, तर कळवण्याआधी गेलेले पैसे आपले गेले.

शाखेत दाद लागली नाही तर तोंडी भांडू नका. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शाखेतले कर्मचारीही कमी असतात, बिलाच्या दिवशी त्यांच्यावर ताण असतो, हेही समजून घ्या. रीतसर कागद दिला की त्यांचेही काम सोपे होते.

घरातल्या बाईला माहीत आहे का?

शेवटचा मुद्दा मालक मंडळींसाठी. खाते कोणत्या बँकेत आहे, पासबुक कुठे ठेवले आहे, कर्ज किती, विमा कोणता, नॉमिनी कोण, हे घरातल्या बाईला माहीत आहे का? बेणे कोणते लावायचे हे आपण तिच्याशी बोलतो. लागणीला ती सरीत असते, खुरपायला ती असते. मग बिल आले की तिला एवढेच का कळावे, की ‘पैसे आले आन् खर्च झाले’?

तेव्हा पोळा ते दसरा या दिवसांत, म्हणजे गव्हाणीत मोळी पडण्याआधी, एका संध्याकाळी सगळे घर एकत्र बसा. पुढचे सात प्रश्न मोठ्याने वाचा आणि उत्तरे वहीत लिहून ठेवा :

१. कारखान्याकडे दिलेला खाते क्रमांक व कोड आजच्या पासबुकाप्रमाणे आहे का?

२. केवायसी कधी केली? खाते चालू आहे का?

३. बँकेत असलेला मोबाईल नंबर आज घरात वापरात आहे का?

४. घरातल्या प्रत्येकाचे आधार कोणत्या खात्याला जोडले आहे?

५. बँक, कारखाना, सोसायटी या तिन्ही ठिकाणी नॉमिनी आहे का?

६. पासबुक शेवटी कधी भरले? त्यात कोणत्या वजावटी आहेत?

७. हे सगळे घरातल्या किमान दोन माणसांना माहीत आहे का?

ज्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येईल, तिथे चारी फुटली आहे असे समजा आणि हंगामाआधी ती बांधून घ्या. पासबुकाची झेरॉक्स आणि नामनिर्देशनाचा अर्ज घेऊन गट ऑफिसात या. लिहिता येत नसेल तर आमचे कर्मचारी लिहून देतील. यंदाची ऊस नोंद घेताना मीही लागणीच्या तारखेबरोबर वारसाचे विचारणार आहे. तेव्हा रागावू नका.

मावशींचा खोडवा पुढच्या वर्षी मोडला, नवी लागण केली. नोंद आता त्यांच्या स्वतःच्या नावे आहे. नोंदीच्या दिवशी त्यांनी मला न विचारताच पासबुक उघडून समोर धरले. पहिल्या पानावर नॉमिनीचा शेरा होता.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी